सेलोटेप लावायची की पातं बदलायचं? १९०८ ची एक टकटक

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातलं माझं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी सगळं तेच.

आजचा विषय दिसायला अगदी छोटा आहे. ड्रोनचं प्रॉपेलर. ड्रोन कुठंतरी धडकला, पाती वरवर ठीक दिसतायत, पण व्हिडिओ जेलीसारखा लदलदतोय. आता ती पाती बॅलन्स करायची, की काढून नवीन लावायची? तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कशाला? थांबा जरा. याच प्रश्नाच्या जवळपास कुठंतरी एका २६ वर्षांच्या माणसाचा जीव गेलाय, आणि इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला तो जगातला पहिला माणूस होता.

पण आधी माझी फजिती.

मी एक जुना, सेकंडहँड ड्रोन घेतला. किलोभर वजनाचा, न दुमडणाऱ्या अखंड प्रॉपेलरवाला. तिसऱ्या दिवशी सासवडला मामाच्या शेतात तो बाभळीत घातला. पुढच्या आठवड्यात मामेबहिणीचा साखरपुडा होता आणि वरून शूटिंग करायचं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. ड्रोन उडत होता, पण व्हिडिओ बघवत नव्हता. त्याचं कारण सोपं आहे. असे कॅमेरे चित्र एका झटक्यात टिपत नाहीत, ओळीओळीनं वाचत जातात. तेवढ्यात कॅमेरा थरथरला की प्रत्येक ओळ किंचित वेगळ्या जागी पडते आणि सरळ खांब नागमोडी दिसायला लागतो.

थरथर येते कुठून? हे गणित मी मुद्दाम करून बघितलं. समजा प्रॉपेलर सेकंदाला १०० फेरे घेतंय आणि त्याच्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर फक्त एक दशांश ग्रॅम वजन जास्त आहे. म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे. तेवढ्यानं मोटरच्या दांड्याला जवळजवळ ४०० ग्रॅम वजनाइतका ओढा बसतो, आणि त्या ओढ्याची दिशा सेकंदाला १०० वेळा गोल फिरते. चार दाण्यांचा अर्धा किलो होतो म्हणा ना. कारण हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट, तर ओढा चौपट.

मग मी रीतसर बॅलन्सिंग केलं. प्रॉपेलर एका गुळगुळीत सळईवर आडवं धरलं, जी बाजू खाली झुकली ती जड. हलक्या पात्याला सेलोटेपचा तुकडा चिकटवला, परत बघितलं, तुकडा थोडा कापला. तासाभरात चारही प्रॉपेलर अगदी आडवी थांबायला लागली. खरं सांगतो, भारी वाटलं.

मामाचं टायरचं दुकान आहे. त्यानं एक प्रॉपेलर हातात घेतलं, उन्हात धरलं आणि म्हणाला, “काय रे, हे पांढरं काय?”

मध्याजवळ, जिथं पातं सुरू होतं तिथं, केसाएवढी एक पांढरट रेघ होती. मी म्हटलं, “ओरखडा असेल मामा. पण बघ ना, तोल एकदम बरोबर आहे.”

“अरे, तोलाचं काय घेऊन बसलास. काल एकजण कडेला कट लागलेला टायर घेऊन आला. मशीनवर चढवला, दहा ग्रॅम शिसं मारलं, तर आकडा शून्य येईल. म्हणून मी त्याला दिवे घाट उतरू देऊ का?”

मला हे तेव्हा जरा लागलं. घरी येऊन मी नेहमीप्रमाणे वाचायला बसलो, आणि तिथं भेटले राइट बंधू.

१९०३ मध्ये किटी हॉकला त्यांचं विमान उडालं हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्यांची प्रॉपेलर कशी होती हे कुणी सांगत नाही. स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाचे थर एकमेकांना चिकटवून ठोकळा करायचा आणि तो हातानं तासत जायचा. लांबी साधारण साडेआठ फूट. फिरणारं पातं म्हणजे गोल फिरणारा पंखच, हे त्यांनी ओळखलं होतं, त्यामुळे त्यांची पाती इंजिनाच्या ताकदीतली सुमारे ७५ टक्के ताकद कामाला लावायची. टोकांना पातळ कापड चिकटवलेलं असायचं, लाकूड चिरू नये म्हणून. दोन प्रॉपेलर एकमेकांच्या उलट दिशेनं फिरायची. तुमच्या ड्रोनवर दोन एका दिशेनं आणि दोन उलट फिरतात, त्यामागचा विचार तोच.

आता या १९०८ मध्ये. जागा फोर्ट मायर, व्हर्जिनिया, वॉशिंग्टनच्या नदीपलीकडची लष्करी छावणी. विल्बर फ्रान्समध्ये विमान दाखवतोय आणि ऑर्व्हिल इकडे अमेरिकन सैन्यापुढे परीक्षा देतोय. १७ सप्टेंबरला त्याच्या शेजारी बसला लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज. हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या विमानगटातला, म्हणजे राइटांच्या दृष्टीनं प्रतिस्पर्धी. ऑर्व्हिलचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पण सैन्यानं सांगितलं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार.

विमानावर नवीन प्रॉपेलर बसवली होती, आधीच्यापेक्षा किंचित लांब. हे लक्षात ठेवा.

मैदानाभोवती काही फेऱ्या नीट झाल्या. मग ऑर्व्हिलला मागून हलकी टकटक ऐकू आली. त्यानं वळून बघितलं, काही दिसलं नाही. तरी त्यानं ठरवलं की इंजिन बंद करून उतरायचं. तेवढ्यात दोन मोठे दणके बसले आणि विमान थरथरून एका बाजूला वळलं. साधारण शंभर फुटांवरून ते नाक खाली करून जमिनीवर आलं. सेल्फ्रिजची कवटी फुटली होती, त्या संध्याकाळीच तो गेला. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या.

नंतर तुकडे तपासून त्या भावांनी घटनांची साखळी जुळवली. एका पात्याला लांबीच्या दिशेनं चीर गेली होती. चिरल्यामुळे त्याचा बाक कमी होऊन ते सपाट झालं आणि हवा कमी ढकलायला लागलं. समोरचं पातं मात्र पूर्ण जोरानं ढकलतंय. एका पात्याचा जोर कमी, दुसऱ्याचा जास्त, त्यातून थरथर. त्या थरथरीनं प्रॉपेलर जागचं हललं आणि सुकाणूला ताणून धरणाऱ्या तारेवर आपटलं. तार सुटली, सुकाणू तिरपं झालं, आणि विमान हाताबाहेर गेलं.

हे वाचून मी माझी सेलोटेप लावलेली प्रॉपेलर समोर ठेवून बसलो. का सांगतो. चिरेमुळे लाकडाचं वजन कमी होत नाही. माझी समजूत अशी की ते चिरलेलं प्रॉपेलर सळईवर ठेवलं असतं तर ते माझ्यासारखंच निमूट आडवं थांबलं असतं. सळई फक्त वजन सांगते. पात्यात दम किती उरलाय, वेगानं फिरताना ते आपला आकार धरून राहील का, हे ती सांगूच शकत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी पटकन “बदलून टाक” म्हणणाऱ्यांसाठी आहे. ते प्रॉपेलर नवीन होतं! जुनं, वापरून झिजलेलं नव्हतं. त्यामुळे पाकीट फोडून नवीन पातं लावलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही.

पुढच्या काळातल्या कारागिरांनी बॅलन्सिंगकडे फार बारकाईनं बघितलं. लाकडी प्रॉपेलर धार असलेल्या दोन समांतर पट्ट्यांवर दांड्यानं टेकवायचं, आडवं धरून तपासायचं आणि उभं धरूनही. फरक निघाला तर हलक्या बाजूच्या टोकाला जो धातूचा पत्रा असायचा त्यावर डाखाचा थेंब. त्या पत्र्याला बारीक भोकं पाडलेली असत, लाकडात शिरलेली ओल फिरताना त्यातून बाहेर फेकली जावी म्हणून. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: विमान उभं करताना लाकडी प्रॉपेलर आडवं ठेवायचं. उभं ठेवलं तर ओल उतरून खालच्या पात्यात जमते आणि सकाळी तोल बिघडलेला असतो. नुसतं उभं राहूनसुद्धा!

धातूची पाती आल्यावर कानस आली. खड्यानं पडलेली खोच घासून गुळगुळीत करायची, कारण खोचेच्या टोकातूनच तडा सुरू होतो. एका टोकाला कापावं लागलं तर दुसरंही तेवढंच कापायचं, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. पण तडा दिसला की कानस बाजूला. ते प्रॉपेलर उतरवायचं, तोल कितीही बरोबर असो.

मग आपण सगळे तोलाच्या इतके मागे का? मला वाटतं, त्याचं कारण किमतीत आहे. कारागिरानं हातानं तासलेलं पातं वाचवणं परवडायचं. हौशी लोक स्वतः ड्रोन जोडायचे तेव्हा बॅलन्सिंग हा रिवाजच होता, कारण साच्यातून निघालेल्या स्वस्त पात्यांमध्ये खरंच फरक असायचा. २०१३ मध्ये फँटमसारखे डब्यातून काढून थेट उडवायचे ड्रोन आले आणि पातं ही बदलायची वस्तू झाली. पण सवय राहिली, व्हिडिओही राहिले. त्यातला एक बघूनच मी सेलोटेप आणली.

आता मी काय करतो ते सांगतो. धडकलेलं प्रॉपेलर आधी उन्हात धरतो, मग मुळापाशी हलकेच वाकवून बघतो. पांढरी रेघ, तडा, तुटलेलं टोक, पीळ पडलेलं पातं, यातलं काहीही असलं तर ते गेलं. तिथं सेलोटेप काढायचीच नाही. नवीन लावतानाही हेच बघतो, आणि मग सळईवर ठेवतो. नवीन असून झुकलं, तर तिथं सेलोटेपचं काम आहे. दुमडणाऱ्या पात्यांचा छोटा ड्रोन असेल तर एका मोटरवरची दोन्ही पाती एकदम बदला, एकाच पाकिटातली. एक जुनं, एक नवीन असं करू नका, दोन पात्यांचा जोर वेगळा पडतो. फोर्ट मायरला काय झालं ते आत्ताच वाचलंत. आणि डाव्या-उजव्या फिरण्याच्या खुणा बघून लावा. ही चूकही मी केलेली आहे, पण ती परत कधीतरी.

ऑर्व्हिल पुढच्या वर्षी त्याच मैदानावर परत आला आणि १९०९ मध्ये सैन्यानं त्यांचं विमान विकत घेतलं. त्या पडण्याचं दुखणं मात्र त्याला जन्मभर पुरलं. सेल्फ्रिज तिथून जवळच, आर्लिंग्टनच्या दफनभूमीत आहे.

त्या पांढऱ्या रेघेवर मी दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं जरा जोर दिला. कट्. पातं हातात आलं. साखरपुड्याला मांडवात दीडेकशे माणसं होती, लहान मुलं मध्ये पळत होती. मी गच्चीवर उभा राहून फोननं शूटिंग केलं आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली. नवीन प्रॉपेलर सोमवारी आली. त्यातलं एक किंचित जड निघालं.