कोरेगावचा कडबा आणि लोखंडी यंत्र

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव म्हणजे १८१८ च्या लढाईचे कोरेगाव नव्हे. ते भीमेकाठचे. हे वासना नदीच्या खोऱ्यातले, वाघ्या घेवड्याकरिता नावाजलेले. येथल्या लहान शेतकऱ्यापुढे गेल्या शतकाच्या आरंभी एक प्रश्न उभा राहिला. गाठीशी जेमतेम पैसा असताना लोखंडाचे अवजार घ्यावयाचे झाल्यास ते कोणते घ्यावे?

पाश्चात्य देशांत त्या वेळी घोड्यांनी ओढावयाची गवतकापणी यंत्रे सर्रास चालत असत. विस्तीर्ण व सपाट कुरणांवर ती शोभतही. आपल्याकडे गवत उगवते डोंगराच्या उतारावर, आणि ते कापावयास विळा पुरतो. शिवाय या भागातील गुरांचा मुख्य आधार गवत नव्हे, कडबा. रब्बीचा शाळू तर कापीतही नाहीत, मुळासकट उपटतात. तेव्हा येथे अडचण होती ती वैरण कापून आणण्याची नव्हे, पुरविण्याची. अखंड पेंढी पुढे टाकली की बैल पाला खातो, शेंडा खातो आणि बुडखा पायांखाली तुडवितो. सुगीत याचे कोणास काही वाटत नाही. परंतु १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी पोळलेल्या दख्खनेत वैरणीवाचून दावणी रित्या झालेल्या लोकांनी पाहिल्या होत्या. बैल गेला की शेती गेली, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

ही गरज ओळखली बेळगावच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास सायकलींच्या धंद्यात आले होते. तेथे त्यांनी शेतीची जी पहिली अवजारे केली त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते. लोखंडी नांगर त्यानंतरचा, १९०३ च्या सुमाराचा. नांगराचे स्वागत कसे झाले ते प्रसिद्धच आहे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत आड आली आणि गिऱ्हाईक मिळावयास फार काळ लागला. शेतकऱ्याच्या या समजुतीस आज आपण हसतो. पण ज्याचे वर्षाचे अन्न एका पेरणीवर अवलंबून आहे त्याने नव्या वस्तूकडे साशंक नजरेने पाहिले, यात हसण्यासारखे फारसे काही नाही.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. या प्रतिनिधी घराण्याचे मूळ कोरेगाव तालुक्यातीलच किन्हई गावचे. पुढे १९२२ साली धनजीशा कूपर यांनी याच तालुक्यात, सातारा रोड येथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. म्हणजे पुणे-मिरज लोहमार्गावर एकीकडे कूपर, दुसरीकडे किर्लोस्कर, आणि मध्ये कोरेगावचा शेतकरी!

निवड मात्र त्यामुळे सोपी झाली नाही. हरळी आणि कुंदा यांची खोल गेलेली मुळे काढावयास लोखंडी नांगरासारखे साधन नाही, हे खरे. पण खोल नांगरट म्हणजे अनेक जोड्या बैल. ज्याच्या गोठ्यात एकच जोडी, किंवा एकच बैल, त्याने काय करावे? त्याला वारंगुळ्याने शेजाऱ्याची जनावरे जोडून घ्यावी लागत. डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. जमिनी वाटण्या होऊन किती लहान व विखुरलेल्या झाल्या होत्या ते तीत दिसते. अशा तुकड्यावर मोठा नांगर वळवावयाचा तरी कोठे?

कडब्याच्या यंत्राला बैल लागत नाही. एक जड चाक, त्याच्या आऱ्यांना बसविलेली वक्र पाती, मागे पन्हळ आणि पेंढी आत ओढणारे दातेरी रूळ. एकाने चाक फिरवावे, दुसऱ्याने कडबा सारावा. घरची दोन माणसे पुरतात. बुडख्यासह सगळी कुट्टी जनावराच्या पोटात जाते, आणि तीच गंज अधिक दिवस चालते. म्हणून ज्याला नांगर भाड्याने किंवा इर्जिकीने मिळू शकत होता त्याने आपला पैसा या यंत्रात घातला असता तर ते शहाणपणाचे झाले असते. नांगराचे काम वर्षातून काही दिवसांचे, वैरणीचे रोजचे.

यंत्र घेताना पाहावयाच्या गोष्टी थोड्या. पाती काढून घरी पाजविता येतात काय, मोडलेला भाग जवळच्या गावी मिळतो काय, आणि मुख्य म्हणजे सारणाऱ्याचा हात रुळांपासून दूर राहतो काय. या शेवटल्या गोष्टीकडे दुर्लक्ष होऊन पुष्कळांची बोटे गेली आहेत, त्यांत मुलांचीही. आता गोठ्यातून विजेच्या मोटारी आल्या. चाक तेच, पाती तीच, फक्त हात अडकला तर फिरविणारा थांबतो तशी मोटार आपण होऊन थांबत नाही. शाळू मात्र पुष्कळ ठिकाणी अजून हातांनीच उपटतात.