सीसीजीएस जॉन जी. डीफेनबेकर

सीसीजीएस जॉन जी. डीफेनबेकर हे कॅनडाच्या तटरक्षक दलासाठी योजलेल्या ध्रुवीय हिमभंजक जहाजाला २००८ मध्ये देण्यात आलेले नाव होय. गोठलेल्या समुद्रातील बर्फ फोडून स्वतःसाठी आणि मागून येणाऱ्या जहाजांसाठी वाट मोकळी करणाऱ्या जहाजास हिमभंजक किंवा आइसब्रेकर म्हणतात. या जहाजाची घोषणा व नामकरण एकाच वर्षी झाले. बांधणी मात्र वारंवार लांबणीवर पडली. २०२१ मध्ये एका जहाजाऐवजी दोन जहाजांची योजना आखण्यात आली आणि तिची कंत्राटे २०२५ मध्ये देण्यात आली.

पार्श्वभूमी

कॅनडाच्या उत्तरेकडील द्वीपसमूहातून अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांना जोडणारा वायव्य सागरी मार्ग जातो. हा मार्ग आपल्या अंतर्गत जलक्षेत्रात मोडतो, अशी कॅनडाची भूमिका आहे. अमेरिका त्यास आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी मानते. १९८५ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे 'पोलर सी' हे हिमभंजक कॅनडाची रीतसर परवानगी न घेता या मार्गाने गेले, तेव्हा कॅनडात मोठा वाद उद्भवला. त्यानंतर ब्रायन मलरोनी यांच्या सरकारने 'पोलर ८' नावाच्या प्रचंड हिमभंजकाची योजना जाहीर केली. परंतु खर्चाच्या कारणास्तव ती १९९० मध्ये रद्द झाली.

त्यामुळे उत्तरेकडील कामाचा मुख्य भार 'लुई एस. सेंट-लॉरेंट' या जुन्या जहाजावरच राहिला. हे जहाज १९६९ मध्ये सेवेत आले होते. १९८८ ते १९९३ या काळात त्याची मोठी दुरुस्ती करून त्यास नवा नाळेचा भाग बसविण्यात आला. १९९४ मध्ये ते उत्तर ध्रुवावर पोहोचले; त्या मोहिमेत त्याच्यासोबत 'पोलर सी' हेच अमेरिकी जहाज होते.

घोषणा व नामकरण

फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारने नव्या ध्रुवीय हिमभंजकासाठी ७२ कोटी कॅनेडियन डॉलरची तरतूद केली. २०१७ मध्ये 'सेंट-लॉरेंट' निवृत्त व्हावे आणि नव्या जहाजाने त्याची जागा घ्यावी, असे ठरले. ऑगस्ट २००८ मध्ये हार्पर यांनी वायव्य प्रदेशांतील इनुविक या गावी जहाजाचे नाव जाहीर केले. त्या वेळी बांधणी कोणती गोदी करणार, हेही निश्चित झाले नव्हते.

जॉन डीफेनबेकर (१८९५–१९७९) हे कॅनडाचे तेरावे पंतप्रधान होते (१९५७–१९६३). १९५८ च्या निवडणुकीत त्यांनी उत्तर भागाच्या विकासाचा पुरस्कार केला होता. पुढे इनुविकपर्यंत पोहोचलेला डेम्पस्टर महामार्ग त्यांच्याच कारकिर्दीत हाती घेण्यात आला. १९६१ मध्ये इनुविक गावाचे औपचारिक उद्घाटन त्यांनीच केले. पदावर असताना उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे जाणारे ते कॅनडाचे पहिले पंतप्रधान ठरले. घोषणेचे स्थळ या दृष्टीने औचित्यपूर्ण होते. १९५७ मध्ये डीफेनबेकर ज्यांच्या जागी पंतप्रधान झाले, ते लुई सेंट लॉरेंट होत. जुन्या व नव्या जहाजांच्या नावांतही हाच क्रम साधला गेला.

नियोजित रचना

हिमभंजकाचा पुढील भाग उतरता असतो. जहाज बर्फाच्या थरावर चढते आणि त्याच्या भाराने थर खाली दबून तुटतो. यासाठी जड व मजबूत सांगाडा आणि शक्तिशाली यंत्रे आवश्यक असतात. मूळ आराखड्यानुसार जहाजाची लांबी सुमारे १५० मीटर व रुंदी २८ मीटर होती. अडीच मीटर जाडीचा बर्फ ताशी ३ सागरी मैल वेगाने सलग फोडत जाण्याची क्षमता अपेक्षित होती. ध्रुवीय जहाजांच्या सात आंतरराष्ट्रीय श्रेणींपैकी दुसरी, म्हणजे वरून दुसऱ्या क्रमांकाची श्रेणी त्यासाठी निवडण्यात आली. वर्षातील नऊ महिने उत्तरेकडे राहता यावे, हा त्यामागील हेतू होता.

विलंब

ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय जहाजबांधणी धोरणांतर्गत हे काम व्हँकूव्हर येथील सीस्पॅन कंपनीच्या गोदीकडे आले. मात्र नौदलाची रसदपुरवठा जहाजेही तेथेच बांधावयाची होती आणि दोन्ही कामे एकाच वेळी करणे गोदीस शक्य नव्हते. २०१३ मध्ये सरकारने नौदलाच्या जहाजांना अग्रक्रम दिला. हिमभंजकाची अपेक्षित मुदत पुढील दशकात गेली आणि अंदाजित खर्च १३० कोटी डॉलरवर पोहोचला. २०१९ मध्ये हे जहाज व्हँकूव्हरच्या कामांतून वगळण्यात आले व त्याऐवजी गोदीस १६ बहुउद्देशीय जहाजांचे काम देण्याचे ठरले.

दरम्यान २०१८ मध्ये तटरक्षक दलाने तीन वापरलेली मध्यम हिमभंजके विकत घेतली. 'सेंट-लॉरेंट'ची २०१७ ही मुदत उलटली, तरी ते सेवेतच राहिले.

दोन जहाजांची योजना

मे २०२१ मध्ये सरकारने दोन ध्रुवीय हिमभंजके बांधण्याचा निर्णय जाहीर केला: एक सीस्पॅनकडे, तर दुसरे क्वेबेक प्रांतातील लेव्ही येथील डेव्ही कंपनीकडे. मार्च २०२५ मध्ये सीस्पॅनला ३१५ कोटी व डेव्हीला ३२५ कोटी डॉलरची कंत्राटे मिळाली. सीस्पॅनचे जहाज सुमारे १५८ मीटर लांबीचे असून ते २०३२ पर्यंत, तर डेव्हीचे २०३० पर्यंत मिळणे अपेक्षित आहे. डेव्हीने २०२३ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी गोदी विकत घेतली असून तिच्या जहाजाच्या बांधणीस तेथे २०२५ मध्ये प्रारंभ झाला.

या जहाजांसाठी 'अर्पातूक' व 'इम्नार्युआक' ही इनुइत भाषांतील नावे निवडण्यात आली. २००८ मध्ये एका माजी पंतप्रधानाच्या नावाने सुरू झालेली ही योजना, ज्यांच्या प्रदेशात ही जहाजे वावरणार त्या लोकांच्या भाषेतील नावांपर्यंत येऊन पोहोचली.