गिनीपिगचे लंगडणे

गिनीपिगचे लंगडणे : स्तनी वर्गाच्या कृंतक गणातील केव्हिया पोर्सेलस या पाळीव प्राण्याने एखाद्या पायावर भार देण्याचे टाळणे, तो उचलून धरणे, फरफटत नेणे किंवा ताठरपणे टाकणे, या अवस्थांना मिळून लंगडणे असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. क जीवनसत्त्वाच्या अभावापासून अस्थिभंगापर्यंत अनेक विकारांचे ते समान लक्षण आहे, आणि म्हणून कारणाचा निर्णय झाल्यावाचून त्यावर इलाज करणे अनुचित ठरते.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाळविलेला हा प्राणी प्रौढपणी साधारणतः ७०० ते १,२०० ग्रॅम वजनाचा होतो व ५ ते ८ वर्षे जगतो. त्याच्या पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्या पायांना तीन-तीन बोटे असून तळवे केशरहित व नाजूक असतात. मुंबईत १९०५ च्या सुमारास प्लेगाची चौकशी करणाऱ्या आयोगाने प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा केल्या होत्या, यावरून प्रयोगशाळेतील प्राणी म्हणून मुंबई इलाख्यास त्याचा परिचय किती जुना आहे याची कल्पना येते. घरात पाळण्याचा प्रघात मात्र पुष्कळ अलीकडचा आहे. निसर्गतः तो हिंस्र प्राण्यांचे भक्ष्य असल्यामुळे वेदना लपविणे हा त्याचा स्वभावधर्म होय. याकरिता लंगडणे डोळ्यांना दिसू लागले, त्या अर्थी दुखणे बहुधा काही काळापासूनचे आहे, असे धरून चालावे.

कारणे : माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही; त्यासाठी लागणारे एक वितंचक त्याच्या यकृतात नसते. १९०७ साली होल्स्ट व फ्रोलिख या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही होतो असे दाखवून दिले, आणि माणसाच्या त्या रोगाच्या अभ्यासास त्यामुळे नवी दिशा मिळाली. आहारातून हे जीवनसत्त्व नाहीसे झाल्यास दोन-तीन आठवड्यांत सांधे सुजतात, सांध्यांत व हिरड्यांत रक्तस्राव होतो, केस राठ होतात, आणि जो प्राणी कालपर्यंत हाक ऐकताच धावत येत असे, तो उचलताना किंचाळू लागतो. गिनीपिग लंगडू लागला की आहाराची चौकशी प्रथम करावी, ती याचसाठी.

दुसरे मोठे कारण तळव्याचा दाह हे होय. तारेच्या जाळीचा तळ, मूत्राने भिजलेले अंथरूण, अतिस्थूलता आणि वाढून वळलेली नखे यांमुळे तळव्याची त्वचा प्रथम लाल होते, मग जाड होऊन फाटते, आणि त्या भेगांतून स्टॅफिलोकॉकस जातीचे जीवाणू आत शिरल्यास जखम हाडापर्यंत पोहोचू शकते. मुंबईजवळच्या विरार शहराच्या पूर्व भागातील मनवेलपाड्यासारख्या दाट वस्तीत, चाळीच्या खोलीत किंवा बहुमजली इमारतीच्या सदनिकेत, जेथे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा हटत नाही आणि धुतलेले कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, तेथे हे संकट पावसाळ्यात विशेष संभवते.

लहान मुलांच्या हातून पडणे, जाळीत पाय अडकणे, गुळगुळीत लादीवर घसरणे यांमुळे मुरगळणे, सांधा निखळणे व अस्थिभंग घडतात. वृद्ध प्राण्यांत संधिवात आढळतो. मूतखड्याच्या वेदनेनेही चाल आखडते. दोन्ही मागचे पाय एकाएकी लुळे पडणे हे मणक्याच्या इजेचे लक्षण असू शकते व त्यात मुळीच विलंब करू नये.

घरातील तजवीज : प्राण्यास एक हात छातीखाली व दुसरा पार्श्वभागाखाली देऊन उचलावे आणि उजेडात चारही तळवे, नखे व बोटांच्या फटी पाहाव्यात; सूज, जखम, रुतलेला केस वा काडी आढळल्यास त्याची नोंद ठेवावी. मोडलेला पाय ओढून वा वाकवून पाहू नये, तसेच घरी बांधूही नये. प्राण्यास लहान, सपाट तळाच्या, कोरड्या व मऊ अंथरुणाच्या जागी ठेवावे. पिंजऱ्यातील मजले, शिड्या व उतार काढून टाकावेत. पाणी व गवत तोंडाशी असावे. स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा येथे फार उपयोगी पडतो, कारण रोजच्या वजनातील घट ही भूक मंदावल्याची पहिली खूण असते. गिनीपिगची आतडी सतत चालती राहावी लागतात. बारा तासांहून अधिक काळ त्याने अन्न घेतले नाही, तर पायाच्या दुखण्यापेक्षा ते उपोषणच त्याच्या जिवावर बेतते.

निषिद्ध गोष्टी : माणसांची वेदनाशामके पशुवैद्याच्या आज्ञेवाचून कदापि देऊ नयेत. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन व क्लिंडामायसिन ही तोंडाने दिलेली प्रतिजैविके आतड्यांतील उपकारक जीवाणूंचा नाश करून या प्राण्यास मारक ठरू शकतात. अनेक जीवनसत्त्वांच्या मिश्र गोळ्याही टाळाव्यात, कारण त्यांतील अ व ड जीवनसत्त्वांचा अतिरेक घातक असतो.

उपचार : पशुवैद्य क्ष-किरण चित्रावरून हाड व सांधा तपासतात, आणि कारणानुसार क जीवनसत्त्व, मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक, सुरक्षित प्रतिजैविक, जखमेची निगा किंवा काही आठवड्यांची विश्रांती यांची योजना करतात. कुत्र्यामांजरांचे वैद्य सर्वत्र भेटत असले तरी लहान कृंतकांचा अनुभव सर्वांस असतोच असे नाही. यासाठी प्राणी निरोगी असतानाच जवळपासच्या दवाखान्यात तशी विचारणा करून ठेवणे शहाणपणाचे होय. अधिक मोठ्या सोयीची गरज भासल्यास मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच तेथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. विरारहून लोकलने हा प्रवास करावयाचा तर गर्दीची वेळ टाळावी, हवेशीर पेटीत गवत व काकडीची फोड ठेवावी, आणि उन्हाळ्यात ३० अंशांवरील उष्णता या प्राण्यास सोसत नाही हे ध्यानात धरावे.

प्रतिबंध : प्रौढ गिनीपिगला प्रतिदिनी दर किलो वजनामागे सुमारे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, गाभण वा आजारी असल्यास ३० पर्यंत. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरू व आवळा यांतून ते सहज मिळते, आणि विरारलगतच्या वसईच्या वाड्यांतून ताजी भाजी ज्या बाजारात येते तेथे याची वाण पडण्याचे कारण नाही. फळे मात्र साखरेमुळे फोडीपुरतीच द्यावीत. पाण्यात मिसळलेले हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, व दाणेदार तयार खाद्यातील अंशही साठवणीत घटत जातो, म्हणून त्यांवर विसंबू नये. मुख्य आहार वाळलेल्या गवताचा असावा; भाताचा पेंढा पोषणास अपुरा व टोकदार असल्याने त्याची जागा घेऊ शकत नाही. तळ सपाट ठेवावा, अंथरूण रोज बदलावे, नखे महिन्यातून एकदा पाहावीत, आणि मुलांनी जमिनीवर बसूनच प्राणी मांडीवर घ्यावा.

अशी काळजी घेणे ही केवळ दया नव्हे; पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. बरे होण्याच्या शक्यतेविषयी सांगायचे तर, स्कर्व्हीमुळे आलेले लंगडणे वेळीच ओळखल्यास योग्य आहाराने बहुधा बरे होते. तळव्याचा जुना दाह मात्र बरा होण्यास महिनोन्‌महिने लागतात, आणि हाडापर्यंत गेलेला पुष्कळदा पूर्णतः बरा होत नाही.