आंग्रिया बँक

आंग्रिया बँक : अरबी समुद्रातील निमज्जित कंकणाकृती प्रवाळद्वीप. ते विजयदुर्गच्या (सिंधुदुर्ग जिल्हा) पश्चिमेस सु. १०५ किमी. अंतरावर, सागरमग्न खंडभूमीवर आहे. दक्षिणोत्तर लांबी सु. ४० किमी., रुंदी सु. १५ किमी. माथ्यावरील पाण्याची किमान खोली सु. २० मी. आहे. समुद्रतळावरील अशा रुंद उंचवट्यास नाविक परिभाषेत ‘बँक’ म्हणतात.

पॅसिफिक महासागरातील तुवालू, किरिबाटी यांसारखी प्रवाळद्वीपे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असली, तरी त्यांवर मनुष्यवस्ती आहे. ज्वालामुखी बेट हळूहळू खचत असता त्याभोवतीची प्रवाळभित्ती वर वाढत राहते व मध्ये खारकच्छ उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विन याने १८४२ मध्ये मांडली. आंग्रिया बँक खंडभूमीवर असल्याने तिला ही उपपत्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. सु. २०,००० वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमकालाच्या पराकाष्ठेच्या वेळी, समुद्रपातळी आजच्यापेक्षा सु. १२० मी. खाली होती, तेव्हा हा उंचवटा पाण्याबाहेर असला पाहिजे. पुढे हिम वितळून पाणी चढत गेले आणि तो बुडाला. कोकणातील नद्यांचा गाळ येथवर फारसा पोहोचत नाही. त्यामुळे पाणी नितळ राहून सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो व प्रवाळांची वाढ होते.

मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्यावरून हे नाव पडले. इंग्रजांच्या लेखी आंग्रे हे ‘आंग्रिया’ होते. आपले दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी गलबतांनी या किनाऱ्यावर संचार करू नये, असा कान्होजींचा आग्रह होता. इंग्रज मात्र त्यांना चाचे म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीची विजयदुर्गावरील १७१७ ची स्वारी फसली. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी सख्य करून इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून तो दुर्ग घेतला. त्यांचे आरमारही जळाले. सत्ता लयास गेली, तरी सागरी नकाशांवर नाव राहिले.

प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, परंतु त्यातील अभयारण्याची तरतूद किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या (सु. २२ किमी.) प्रादेशिक सागरापुरतीच आहे. त्यामुळे १९८७ मध्ये मालवण येथे सागरी अभयारण्य होऊ शकले. आंग्रिया बँक मात्र त्या सीमेपलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात पडते. तेथे विशिष्ट क्षेत्र अधिसूचित करून सागरी पर्यावरणाचे रक्षण करण्याचा अधिकार १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक अधिनियमाने केंद्र शासनास दिला आहे. तापणारे पाणी आणि तळ खरवडणारी मासेमारी ही प्रवाळांवरील मोठी संकटे होत. मोडलेली प्रवाळभित्ती पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात आणि येथील हानी किनाऱ्यावरून कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून या अधिकाराचा वेळीच वापर होणे अगत्याचे आहे.