‘कधीच समाधानी नसलेली’: वीज विरुद्ध पेट्रोल या वादाची पहिली फेरी

१/१३
विजेवरची गाडी वेगवान की पेट्रोलवरची? वेगवान गाड्यांच्या चाहत्यांत हा वाद पेटला की एक पक्ष शून्यापासून शंभरपर्यंतचे सेकंद मोजून दाखवतो, तर दुसरा इंजिनाची गर्जना, लांबचा पल्ला आणि परंपरा यांची साक्ष काढतो. हा वाद अलीकडचा आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्याची पहिली फेरी १८९८-९९ साली पॅरिसजवळ झाली आणि ती विजेने जिंकली. मग पेट्रोलचे युग आले कसे? आजचा थ्रेड याविषयी. 🧵

२/१३
त्या काळी मोटारगाडी कशावर चालावी हे ठरलेले नव्हते. वाफ, वीज आणि पेट्रोल असे तीन दावेदार होते. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. पुढे कोण जिंकले हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून तो विजय आधीपासूनच अटळ होता असे आपण गृहीत धरतो. १९०० सालच्या ग्राहकाला मात्र तसे मुळीच वाटत नव्हते.

३/१३
१८ डिसेंबर १८९८. पॅरिसच्या वायव्येस आशेर येथील सपाट, सरळ रस्ता. ‘ला फ्रान्स ऑटोमोबिल’ या नियतकालिकाने वेगाची स्पर्धा भरवली होती. फ्रेंच उमराव गास्तों द शास्लू-लोबा याने जांतो बनावटीच्या विजेच्या गाडीतून एक किलोमीटर अंतर ५७ सेकंदांत कापले. वेग भरला ताशी ६३.१५ किमी. जमिनीवरील वेगाच्या विक्रमांची अधिकृत नोंद येथून सुरू होते. त्या नोंदवहीतले पहिले नाव विजेच्या गाडीचे आहे.

४/१३
हे आव्हान स्वीकारले कामीय जेनात्झी या बेल्जियन अभियंत्याने. लाल दाढीमुळे पुढे त्याला ‘लाल सैतान’ म्हणू लागले. विजेच्या भाडोत्री गाड्या बांधण्याच्या धंद्यात जेनात्झी आणि जांतो हे प्रतिस्पर्धी होते. त्यामुळे विक्रम म्हणजे धंद्याची जाहिरातही होती. १७ जानेवारी १८९९ रोजी जेनात्झीने ६६.६६ चा वेग गाठला. त्याच दिवशी शास्लू-लोबाने तो ७०.३१ वर नेला. दहा दिवसांनी जेनात्झी ८०.३५ वर पोहोचला. मार्चमध्ये शास्लू-लोबाने ९२ ओलांडले. चढाओढ विजेची विजेशीच चालली होती.

५/१३
मग जेनात्झीने केवळ विक्रमासाठी एक गाडी घडवली. तिचे नाव ‘ला जामे काँतांत’, अर्थात ‘कधीच समाधानी नसलेली’. हलक्या मिश्रधातूचा, तोफगोळ्यासारखा निमुळता सांगाडा. मागच्या चाकांना थेट जोडलेल्या दोन मोटारी, मिळून सुमारे ६८ अश्वशक्ती. मिशलँचे हवा भरलेले टायर. वजन सुमारे दीड टन. गंमत अशी की वारा कापण्यासाठी एवढा खटाटोप करूनही चालक मात्र कमरेपासून वर उघड्यावरच बसत असे!

६/१३
१८९९ च्या वसंतात, एप्रिल संपता संपता, या गाडीने आशेरच्या रस्त्यावर एक किलोमीटर ३४ सेकंदांत पार केला. वेग ताशी १०५.८८ किमी. रस्त्यावरच्या वाहनाने शंभरी ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. हा विक्रम जवळजवळ तीन वर्षे टिकला. एप्रिल १९०२ मध्ये तो मोडला तेव्हाही मान पेट्रोलला मिळाला नाही. नीस येथे लेओं सेरपोलेच्या वाफेच्या गाडीने १२०.८० चा वेग गाठला होता.

७/१३
वीज इतकी पुढे का होती? विजेची मोटार जागेवरून हलतानाच पूर्ण पीळ देते. तिला गिअर बदलावे लागत नाहीत. पेट्रोलचे इंजिन विशिष्ट फेऱ्यांवर पोहोचले तरच जोर धरते, आणि त्या काळची इंजिने ओबडधोबड होती, त्यांचे गिअर त्याहून ओबडधोबड. अल्प अंतरात सारी शक्ती ओतायची असेल, तर वीज सरस. शून्य ते शंभरच्या आजच्या आकड्यांमागचे कारणही नेमके हेच आहे.

८/१३
आता दुसरी बाजू पाहू. १८९५ ची पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यत १,१७८ किमीची होती. एमिल लव्हासोर पेट्रोलच्या गाडीतून ४८ तास ४८ मिनिटांत सर्वांत आधी परतला. त्याच शर्यतीत जांतोनेही विजेची गाडी उतरवली होती, आणि तिच्यासाठी वाटेत ठिकठिकाणी भरलेल्या बॅटऱ्या ठेवाव्या लागल्या होत्या. तरीही ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. १८९८ च्या पॅरिस-ॲमस्टरडॅम-पॅरिस शर्यतीतही विजय पेट्रोलचाच झाला.

९/१३
यामागचे गणित सरळ आहे. शिसे-आम्ल बॅटरी आजही किलोमागे साधारण ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा साठवते. एक किलो पेट्रोलमध्ये ती सुमारे १२,००० वॉट-तास असते. त्यातला बराचसा भाग इंजिन उष्णतेच्या रूपात वाया घालवते, तरी तफावत प्रचंडच राहते. शिवाय डबाभर पेट्रोल वाटेतल्या दुकानातही मिळू शके. भरलेली बॅटरी गावोगावी कोण ठेवणार? म्हणजे एकाच दशकात, एकाच देशात, दोन्ही पक्ष आपापल्या मैदानावर अजिंक्य होते.

१०/१३
निकाल लागला तो शर्यत भरवणाऱ्यांच्या निवडीने. वर्तमानपत्रे, मोटार क्लब आणि उत्पादक यांना शहराशहरांमधल्या लांब शर्यती अधिक भावल्या. ‘मोटार’ म्हणजे दूरवर नेणारे यंत्र, ही कल्पना त्यांतून रुजली. ५ ऑगस्ट १९०२ रोजी विल्यम के. व्हँडरबिल्टने मॉर्स गाडीतून १२२.४४ चा वेग गाठला आणि वेगाचा विक्रम प्रथमच पेट्रोलकडे आला. किलोमीटरमागे फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी होता. त्यानंतर तो सर्वंकष विक्रम विजेकडे कधीच परतला नाही.

११/१३
आणि जेनात्झी? १९०३ साली आयर्लंडमध्ये झालेली गॉर्डन बेनेट चषक शर्यत त्याने जिंकली, तीही ६० अश्वशक्तीच्या मर्सिडीजमधून, अर्थात पेट्रोलवर! विजेचा सर्वांत मोठा विक्रमवीर चार वर्षांत पलीकडच्या गोटात होता. त्याची निष्ठा इंधनाशी नव्हतीच. तो वेगाचा भक्त होता. आज ऑनलाइन वादात एकेका तंत्रज्ञानाचा झेंडा घेऊन उभे राहणाऱ्यांनी या माणसाचे चरित्र जरूर आठवावे.

१२/१३
आता आजच्या वादाकडे या. २०१८ साली अमेरिकेतील पाइक्स पीक चढाई फोक्सवॅगनच्या विजेच्या गाडीने ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांत पार केली. आधीचा पेट्रोलचा विक्रम ८ मिनिटे १३.८७८ सेकंदांचा होता. मार्ग २० किमीहून किंचित कमी, आणि शिखरावरच्या ४,३०० मीटर उंचीच्या विरळ हवेत इंजिन धापा टाकते. मोटारीला हवा लागतच नाही. याउलट ल मान्सची २४ तासांची शर्यत निव्वळ बॅटरीवरच्या गाडीने अद्याप जिंकलेली नाही. फॉर्म्युला ई मध्ये तर २०१८ पर्यंत चालक शर्यतीच्या मध्यावर गाडीच बदलत असत. जांतोच्या वाटेवरच्या बॅटऱ्यांची आठवण व्हावी असे हे दृश्य!

१३/१३
राहिला आवाजाचा प्रश्न. १९०० च्या सुमारास पेट्रोलच्या गाडीचा गडगडाट, धूर आणि वास हे तिचे दोष गणले जात. शांतता ही विजेच्या गाडीची प्रतिष्ठा होती. आज काही कंपन्या विजेच्या गाड्यांत कृत्रिम गर्जना आणि खोटे गिअर बसवत आहेत. म्हणजे ज्याला आपण ‘खऱ्या गाडीचा आत्मा’ म्हणतो, तोही इतिहासात घडलेला आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘श्रेष्ठ कोण?’ असे विचारले, तर आधी प्रतिप्रश्न करा: मोजपट्टी कोणती, आणि ती कोणी निवडली? बॅटरी सुधारत राहिली, तर लांब पल्ल्याचे मैदानही बदलेल. ‘ला जामे काँतांत’ आजही फ्रान्समध्ये काँपिएन्य येथील वाहन-संग्रहालयाच्या ठेव्यात आहे. हा वाद कधीच संपत नाही, हे तिच्या नावातच लिहिलेले आहे. आपली मते खाली जरूर मांडा. 🙏