यंत्रस्थिती संनियंत्रण (वीजकेंद्रांतील)

वीजकेंद्रातील यंत्र चालू असतानाच त्याची कंपने, तापमान, तेल, आवाज ही लक्षणे मोजत राहून दुरुस्ती कधी आणि कशाची करायची हे ठरविण्याची पद्धत. तारखेनुसार यंत्र उघडले की ते निर्धोक झाले, अशी पूर्वी समजूत होती. तिला मोठा धक्का दिला तो विमानांच्या देखभालीने. स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांच्या १९७८ च्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या भागांपैकी सुमारे ११ टक्के भागांचाच बिघाड वयाशी निगडित होता. शिवाय सुरळीत चाललेले यंत्र उघडून पुन्हा जुळवताना नवे दोष शिरतात, ते वेगळेच.

भारतातील मोठ्या औष्णिक संचांची टर्बाईन मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक बेअरिंगपाशी शाफ्टला न टेकता, त्याच्यापासून जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर संवेदक बसवलेले असतात. शाफ्ट किती मायक्रॉन हलतो ते त्यांवरून कळते. कंपन सेकंदाला ५० च्या वारंवारतेत वाढले तर बहुधा असमतोल, १०० च्या वारंवारतेत वाढले तर जोडणीतील सरळपणाचा दोष आणि ५० च्या निम्म्याहून किंचित कमी असेल तर बेअरिंगमधील तेलाच्या थराची अस्थिरता, असा पहिला संशय घेतात. आकड्याइतकाच त्याचा कल महत्त्वाचा. समजा, वर्षभर ४० मायक्रॉनवर असलेले कंपन पंधरा दिवसांत ७० वर गेले. ट्रिपची, म्हणजे यंत्र आपोआप बंद होण्याची, मर्यादा अजून दूर असली तरी कारण त्याच दिवशी शोधायला हवे.

रोहित्राची परीक्षा तेलातून होते. काचेच्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा शिरू न देता तेल काढतात आणि त्यात विरघळलेले वायू प्रयोगशाळेत मोजतात. एथिलीन वाढणे हे तेल फार तापल्याचे, तर ॲसिटिलीन हे आत विद्युत ठिणग्या पडत असल्याचे लक्षण. कार्बन मोनॉक्साइड वाढू लागला की वेटोळ्यांवरचा कागद जळत असल्याची शंका येते. रोहित्र न उघडता इतके कळणे ही या पद्धतीची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल.

मोजमाप असूनही निर्णय झाला नाही तर काय होते, ते सायबेरियात येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात दिसले. १७ ऑगस्ट २००९ रोजी तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या संचाच्या टर्बाईनचे झाकण उडाले, यंत्रगृहात पाणी घुसले आणि ७५ माणसे मृत्युमुखी पडली. याच संचाची नियोजित दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये पुरी झाली होती. नंतर त्याची कंपने वाढत गेली, तरीही तो बंद केला गेला नाही. चौकशीत झाकणाचे ४९ बोल्ट तपासले, तेव्हा ४१ बोल्टांत थकव्याच्या भेगा आढळल्या. कॅलेंडरप्रमाणे झालेल्या दुरुस्तीत त्या कोणी पाहिल्याच नव्हत्या.

नियोजनात या नोंदींचा उपयोग मुख्यतः वेळ मिळवण्यासाठी होतो. टर्बाईन बंद केल्यावर ती थंड व्हायलाच काही दिवस जातात आणि मोठे सुटे भाग महिनोन्महिने आधी मागवावे लागतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात विजेची मागणी चढते आणि पावसाळ्यात उतरते. त्यामुळे एखादे बेअरिंग पावसाळ्यापर्यंत तग धरेल की नाही, हे मार्चमध्ये सांगता येणे मोलाचे. कामांची यादीही याच नोंदींवरून कमी-जास्त होते.

सर्वच दोष असे आगाऊ कळत नाहीत. बॉयलरच्या नळीतून वाफ निसटू लागल्यावरच ध्वनिसंवेदकांना ती ऐकू येते. तेव्हा शेजारच्या नळ्या वाचवण्यापुरताच त्यांचा उपयोग. नळ्यांची झिजलेली जाडी मोजायला संच बंदच करावा लागतो आणि कायद्याने नेमलेली बॉयलरची तपासणी, संवेदक काहीही सांगोत, मुदतीत करून घ्यावीच लागते.