पाळीव पक्ष्याचे पीस मोडून रक्त येत असेल तर काय करावे?

नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या देठात रक्त वाहत असते, म्हणून तो देठ गडद, निळसर दिसतो. पीस पूर्ण वाढले की हा रक्तपुरवठा थांबतो. पण रात्री घाबरून पक्ष्याने पिंजऱ्यात फडफड केली आणि असे कोवळे पीस मोडले, तर रक्त वाहू लागते.

बजरीगर (आपल्याकडे अनेकजण यालाच ‘लव्हबर्ड’ म्हणतात) जेमतेम ३० ते ४० ग्रॅमचा असतो. त्याच्या अंगात रक्त असते साधारण ३ ते ४ मिलिलिटर. त्यामुळे थोडा रक्तस्रावही धोक्याचा ठरतो.

काय करावे?

१. पक्ष्याला मऊ रुमालात अलगद धरा. छाती दाबू नका, त्याचा श्वास कोंडेल.
२. मोडलेल्या देठावर कॉर्नफ्लोर लावून स्वच्छ गॉजने २-३ मिनिटे हलका दाब द्या.
३. रक्त थांबल्यावर पक्ष्याला शांत, उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा.

काय टाळावे?

पीस घरी उपटू नका, रक्तस्राव वाढू शकतो. तेलकट मलम लावू नका.

१० मिनिटांत रक्त थांबले नाही किंवा पक्षी पिसे फुगवून मलूल बसला, तर लगेच पशुवैद्यकाकडे न्या.